जावयाच्या जिवावर

युरोपहून परतलेल्या माणसाने आधी तिथल्या स्वच्छतेवर दोन पानं लिहावीत, असा आपल्याकडे अलिखित नियम आहे. स्वच्छता आहे. झालं. रस्त्यावर कागद न टाकणाऱ्या लोकांचं कौतुक ज्याला वाचायचं असेल त्याने दुसरं पुस्तक उघडावं. मी तिकडे कौतुक करायला गेलो नव्हतो, अक्काला पोचवायला गेलो होतो.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, कमल. तिचे यजमान सोलापुरात गिरणीत होते. गिरणी बंद पडली, आणि काही वर्षांनी तेही गेले. तेव्हापासून अक्का नवी पेठेच्या मागच्या गल्लीत भाड्याच्या खोलीत एकटी. एकुलती एक मुलगी सुजाता, ती बेल्जियममध्ये. मागच्या उन्हाळ्यात अक्का मोरीत घसरून पडली, आणि शेजारीण विरजण मागायला आली म्हणून सापडली, नाहीतर तशीच पडून राहिली असती. सुजाताने तिकडून फोनवर ठणकावलं, "मामा, आई आता एकटी राहणार नाही. तिला कायमची इकडे आणते. तुम्ही फक्त सोबत या. तिने कधी विमान बघितलेलं नाही."

मी तरी कुठं बघितलं होतं? पण ते कुणी विचारलं नाही. मी सोलापूरजवळच्या वळसंगचा. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालो. युरोपचा नकाशा फळ्यावर न बघता काढायचो, त्यामुळे मला युरोप पाठ आहे अशी घरादाराची समजूत आहे आणि मी ती कधी मोडली नाही.

आता जावयाबद्दल. लुईस मूळचा गोव्याचा. सुजाता पुण्यात नोकरीला होती तेव्हा दोघांनी परस्पर ठरवलं. कागदोपत्री हा गडी पोर्तुगीज! का, तर आजोबा पोर्तुगिजांच्या राजवटीत जन्मले. आजोबांनी त्या राजवटीला आयुष्यभर शिव्या घातल्या असतील, पण नातवाला पासपोर्ट मिळाला. तो घेऊन लुईस पोर्तुगालला गेला, तिथे चार महिने काढले आणि मग सरळ बेल्जियममध्ये कामाला लागला. बंदराजवळच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो. व्हिसा नाही, परमिट नाही, कुणाच्या हातापाया पडणं नाही. युरोपियन युनियनचा कायदाच तसा: तिथल्या कुठल्याही देशाच्या नागरिकाने दुसऱ्या देशात जावं, काम करावं, राहावं, तो त्याचा हक्क. बायकापोरांना नेता येतं, आणि सासूलाही नेता येतं.

याचं तिकडे केवढं कौतुक! अहो, अक्कलकोटचा माणूस उद्या कलबुर्गीला कामाला गेला तर त्याच्या गळ्यात कुणी हार घालत नाही. यांनी दोन महायुद्धं केली, कोट्यवधी माणसं मारली, आणि मग शोध लावला की शेजारच्याला आपल्या गावात काम करू द्यावं. उशिरा का होईना, सुचलं म्हणायचं.

ब्रुसेल्स विमानतळ

लेकीच्या घरी माहेरच्यांनी फुकट जेवू नये, ही आमच्याकडची रीत. त्यातून जावई जातीबाहेरचा, म्हणजे जास्तच ताठ राहायला हवं. म्हणून मी माझ्या मुक्कामापुरत्या कडक भाकरी, शेंगाचटणी आणि चहाची पूड बरोबर बांधून घेतली होती. अक्का निघतानाच म्हणाली, "बापू, विमानात भाकरीची पेटी घिऊन चाललास. लई शोभतंय." मी लक्ष दिलं नाही.

विमानतळावर एका साहेबाने पेटी उघडायला लावली. भाकरी हातात घेऊन त्याने ती बोटाच्या पेराने वाजवली, प्रकाशात धरली, वास घेतला. शेवटी वाकवायला गेला आणि तिचा तुकडा पडला. "ब्रेड," मी म्हणालो. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी भिंतीची टाइल उचलून आणली आहे. पण जाऊ दिलं. मांस आणि दूध सोडून त्यांना कशाचं भय नव्हतं.

बिटाचं गाव

सुजाताचं गाव गेंट शहरापासून थोडं लांब, हॉलंडच्या हद्दीजवळ. त्याचं नाव सांगत नाही, पुढे सांगायच्या गोष्टी तिथल्या कचेरीतल्या आहेत. चहूकडे सपाट शेतं, आणि शेताच्या कडेला बिटाचे ढीग. बिटापासून साखर हे मी पिढ्यान्‌पिढ्यांच्या पोरांकडून पाठ करून घेतलं, पण खरं सांगतो, मला ते पुस्तकातलंच वाटायचं. सोलापूर जिल्ह्यात उसाच्या ट्रॅक्टरमागे अर्धा तास अडकलेल्या माणसाला साखर मातीतून उपटून काढतात हे कसं पटणार? त्या बिटाला लागलेला चिखल रस्त्यावर सांडतो म्हणून तिथे पाट्या लावल्या होत्या: सावधान, चिखल! आमच्याकडे हा नियम लावला तर तालुका पाट्यांनी भरेल.

जेवण म्हणाल तर दुपारी थंड पाव, संध्याकाळी सहाला सूप. सहाला! त्या वेळी माणूस चहा पितो. बटाटा मात्र ते लोक दोनदा तळतात आणि ती आपली विद्या आहे असं समजतात. लुईस म्हणाला, "खाऊन बघा की मामा." मी म्हणालो, "माझी भाकरी आहे." त्याने माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. गोव्याहून आणलेला. तेवढं त्याचं मला आवडलं, पण तोंडावर सांगितलं नाही.

शेजारच्या घरात यान नावाचा गृहस्थ राहतो. जन्माने, आईबापांनी, सात पिढ्यांनी तिथलाच. बायको मोरोक्कोची. अक्का आल्याचं कळल्यावर तो कुंपणाशी आला आणि सुजाताशी बराच वेळ तावातावाने बोलत राहिला. मला वाटलं चटणीच्या वासाची तक्रार आहे. तसं नव्हतं. त्याच्या बायकोच्या आईला तिथे आणता येत नाही, हे त्याचं दुखणं होतं.

"का नाही? लुईसला येतं ना?" मी विचारलं.

सुजाता म्हणाली, "मामा, लुईस पोर्तुगालचा असून बेल्जियममध्ये राहतो, म्हणून त्याला युनियनचा कायदा. यान बेल्जियमचा असून बेल्जियममध्येच राहतो. त्याला इथला घरचा कायदा, आणि त्यात सासू बसत नाही."

"म्हणजे परक्याची सासू चालते आणि घरच्याची नाही?"

"हो. त्याला त्याचा वकील सांगतो, हॉलंडमध्ये जाऊन राहा, अर्ध्या तासावर आहे. तिथे तू परदेशी, मग आण सासूला."

सासूला आणायचं तर आधी स्वतः परदेशी व्हायचं! मी दोन मिनिटं हसत होतो. यानला ते आवडलं नाही, पण मग तोही हसला आणि कुंपणावरून मला एक बिअर दिली. ती मी घेतली. ती जावयाची नव्हती.

कचेरीची काच

तिसऱ्या दिवशी आम्ही सगळे गावच्या कचेरीत गेलो. अक्काच्या राहण्याचा अर्ज तिथे द्यायचा, तो पुढे ब्रुसेल्सला जातो आणि तिथे निकाल होतो. निघताना सुजाता दारात थांबून म्हणाली, "मामा, तिथे तुम्ही काही बोलायचं नाही."

"मी कशाला बोलतोय?" मी म्हणालो.

काचेपलीकडे एक बाई. सुजाताने आधीच सांगितलं होतं, कचेरीत फक्त डच चालतं. बाईला इंग्रजी येतं, पण बोलणार नाही. पलीकडच्या अर्ध्या देशात फ्रेंच, आणि दोघांचं हाडवैर. काय ही माणसं! सोलापुरात तिच्या गल्लीत अक्का एका शेजारणीशी तेलुगूत, दुसरीशी कन्नडमध्ये भांडते आणि रिक्षावाल्याशी दखनीत घासाघीस करते. आम्हाला कुणी कचेरीची भाषा विचारली नाही. अर्थात, भाषेवरून डोकी फोडणारे आमच्या सरहद्दीवरही आहेत, ते मी सांगत बसत नाही.

बाईने लुईसला काही विचारलं. लुईसने डचमध्ये उत्तर दिलं. मग तिने अक्काकडे बघून विचारलं आणि सुजाताने हळू आवाजात मराठी केलं, "आई, सोलापुरात तुझा खर्च कोण करतं?"

अक्काची मान खाली. लुईस पुढे झाला आणि स्वतःच्या छातीला बोट लावलं.

माझं डोकं फिरलं. म्हणजे काय? भाऊ जिवंत असताना माझी बहीण जावयाचं खाते असं हा परदेशात काचेसमोर सांगतो? मी पुढे सरकलो आणि शाळेच्या तपासणीला साहेब आल्यावर जसं बोलायचो तशा इंग्रजीत सुनावलं, की मॅडम, हे साफ खोटं आहे. आमच्यात आई मुलीच्या घरचं खात नाही. हिला नवऱ्याची पेन्शन आहे, आणि मी तिचा भाऊ, मी तिचं सगळं बघतो.

इंग्रजी न बोलणाऱ्या बाईला माझा शब्दन्‌ शब्द कळला. एवढंच नव्हे, तिला बोलताही आलं. "तुम्ही सांभाळता?" तिने विचारलं.

"अर्थात!"

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून!" मी म्हणालो. बाई टकटक लिहायला लागली.

"साकु, बापू," अक्का कन्नडमध्ये पुटपुटली. पुरे कर. पण तोवर मी बोलून चुकलो होतो, आणि वर माझी छाती फुगलेली.

स्वयंपाकघर

घरी आलो. सुजाताने दार लावलं आणि पर्स टेबलावर आपटली.

"मामा, तुम्हाला कायदा माहीत आहे? सासूला आणायचं तर ती जावयाच्या जिवावर जगणारी हवी. इथे आल्यावर नव्हे, तिकडे असल्यापासून. तेवढी एकच अट आहे, आणि तुम्ही ती काचेसमोर मोडून आलात!"

"पण ते खोटं—"

"खोटं काय त्यात? बाबांच्या पेन्शनमध्ये आईचा चहासुद्धा भागत नाही. खोलीचं भाडं, गोळ्या, गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं लुईस करतोय. आमचं लग्न झाल्यापासून."

मी अक्काकडे बघितलं. ती ओट्याशी कणीक मळत होती. "अक्का, खरं?"

"खरं की."

"आणि मला कधी सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? तुजं नाक लई लांब, बापू. कापलं गेलं असतं. म्हनून गल्लीत सांगत आले, माजा भाऊ बगतो माजं. सगळ्यास्नी पटलं. तुलाबी पटलं."

"मी दर वर्षी ज्वारी पाठवतो!"

"पाटवतोस की. लई गोड आसती तुजी ज्वारी. घरमालक ज्वारीवर भाडं घेतो व्हय?"

लुईस मधे पडला. "आई, असूं दे. मामाचा काय दोष?" त्याच्या या चांगुलपणाने मी आणखी भडकलो. माणसाने अशा वेळी चार शब्द ऐकवावेत! मी पेटी उघडून भाकरी मोडून खात बसलो. मला लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मला राग येतो, हा आमच्या घराण्याचा स्वभाव आहे.

सरहद्द

रविवारी लुईस मला हॉलंडची सरहद्द दाखवायला घेऊन गेला. मीच कधीतरी म्हणालो होतो, भूगोलाच्या माणसाला सरहद्द बघायची आहे म्हणून. मला वाटलं दांडी असेल, चौकी असेल, निदान एखादा पेंगणारा शिपाई. कसलं काय! एक खेडं, एक रस्ता, गवतात एक जुना दगड. दगडाच्या अलीकडे फरशी करडी, पलीकडे लालसर. एक म्हातारी सायकलवर पावाची पिशवी लावून पलीकडे गेली आणि तिने मान वळवूनही बघितलं नाही.

"हीच?" मी म्हणालो.

"हीच, मामा."

"एवढ्यासाठी मी पोरांना रंगीत खडूने रेषा काढायला लावायचो?"

लुईस हसला. मग म्हणाला, "मामा, आईंचा अर्ज नाकारला तर त्यांना परत जावं लागेल. सुजाता नोकरी सोडून त्यांच्यासोबत जाते म्हणते. मी म्हटलं, जा. इथलं मी बघेन, तिकडचंही बघेन." हे त्याने, भाजी काय आणू, अशा आवाजात सांगितलं.

मी दगडाजवळ उभा होतो. लढाया करून आखलेली रेषा त्या लोकांनी पुसून टाकली होती. अक्काच्या वाटेत तिथे कुणीच उभं नव्हतं. उभा होतो तो मी, वळसंगचा, माझं नाक घेऊन. मला स्वतःची इतकी चीड आली की मी लुईसवर ओरडलो, "चल आता, थंडीत काय बघायचं आहे इथं!" तो बिचारा गाडीकडे पळाला.

पोलीस

दुसऱ्या दिवशी सायकलवरून एक पोलीस आला. अर्जदार खरोखर त्या घरात राहते का, हे बघायची तिकडे पद्धत आहे. त्याने दारात पाय पुसले, अक्काची खोली बघितली, तिच्या लुगड्यांच्या घड्या बघितल्या आणि मान डोलावली. आमच्याकडे पोलीस घरी आला तर गल्ली गोळा होते. अक्काने त्याला चहा दिला आणि बशीत भाकरीचा तुकडा, त्यावर चटणी. त्याने तो सगळा एकदम तोंडात घातला. मग जो खोकला, डोळ्यांतून पाणी! अक्का त्याच्या पाठीवर थापट्या मारत म्हणाली, "हळू खा की रं, कुनी वडून घेतंय व्हय?"

खोकला थांबल्यावर तो सुजाताशी बोलला. अर्ज अजून ब्रुसेल्सला गेलेला नाही, पण त्यावर नोंद आहे की भाऊ सांभाळतो. अशी नोंद असली की नकारच येतो. भाऊ इथेच असेल तर त्याने जाऊन खरं काय ते सांगावं.

सुजाता माझ्याकडे बघत नव्हती. लुईस बशी उचलत होता. अक्का म्हणाली, "बापूला कशाला? मी जाते माघारी. आजवर ऱ्हायले की एकटी."

ती हे बोलली आणि खुर्चीचा हात धरून उठली. उठताना तिचा गुडघा लटपटला. मी चप्पल शोधायला लागलो.

पुन्हा काच

तीच बाई. मी म्हणालो, "मॅडम, परवा मी सांगितलं ते चूक होतं."

"मग खरं काय?"

"खरं हे, की हा सांभाळतो." मी लुईसकडे बोट केलं.

"आणि तुम्ही?"

"मी भाऊ आहे."

"भाऊ आहात ते कळलं. तुम्ही काय देता?"

"ज्वारी," मी म्हणालो. बाईला ज्वारी कळेना, सुजाताला त्याचं डच येईना. बराच वेळ गेला. शेवटी बाईने विचारलं, "भेट म्हणून?"

भेट! बहिणीला भावाने दिलेल्या धान्याला भेट म्हणणारी ही जात! माझ्या तोंडाशी लांबलचक व्याख्यान आलं होतं. भाऊ म्हणजे काय, माहेर म्हणजे काय, सगळं. मागच्या बाकावर अक्का बसली होती, हातातली पिशवी घट्ट धरून. मी व्याख्यान गिळलं आणि म्हणालो, "हो. भेट. तिचं भाडं, औषध, काहीच मी करत नाही. कधी केलं नाही."

माझ्या आयुष्यात मी इतकं अपमानाचं वाक्य बोललो नाही, तेही इंग्रजीत. बाई लिहीत होती. तेवढ्यात अक्का उठून आली. "सरक बापू," म्हणाली, आणि काचेला नाक लागेल इतकी पुढे गेली.

"मी जावयाचं खाते," ती मोठ्याने मराठीत म्हणाली. सगळी कचेरी वळून बघायला लागली. "लई वर्सं झाली, त्याचंच खाते. पोटच्या पोरावानी घालतो मला. लिव्ह की बाई, लिव्ह!"

बाईने सुजाताकडे बघितलं. सुजाता रडत होती. भाषांतर लुईसला करावं लागलं, स्वतःबद्दलचं, मान खाली घालून. किती केलं आणि किती गाळलं, मला कळलं नाही.

त्या संध्याकाळी सहा वाजता मी सूप प्यायलो. बेचव होतं. दोनदा तळलेले बटाटे खाल्ले, तेही ठीकठीकच. लुईसने वाढले तेवढे खाल्ले.

वळसंग

मी एकटा परतलो. काही महिन्यांनी सुजाताचा फोन आला, अक्काला राहायची परवानगी मिळाली. मागून अक्काचा आवाज येत होता, ती यानला मराठीत काहीतरी दटावत होती.

संध्याकाळी मी चौकातल्या हॉटेलात चहाला गेलो. नेहमीची मंडळी होती. मल्लाप्पा, माझा शाळेतला सोबती, शेजारी सरकला.

"मास्तर, अक्का न्हाय दिसली परत."

"ती तिकडेच राहणार. कायमची. कागद झाला."

"बरं झालं की!" मल्लाप्पाने माझ्या पाठीवर हात ठेवला. "एवढी वर्सं तुमीच वडलं तिचं. असा भाऊ कुटं मिळतो? आता तुमच्यावरचं वझं उतरलं म्हना."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मल्लाप्पाने माझा चहा स्वतःच्या नावावर सांगितला.

"माझ्यावर नव्हतंच ते कधी," मी म्हणालो. "जावई सांभाळत होता. पहिल्यापासून."